सातव्या सामन्यावर पैज लावण्यापूर्वी: सत्तावीस आउटचा हिशेब

१ नोव्हेंबर २०२५ रोजी टोरांटोच्या रॉजर्स सेंटरमध्ये वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या मोसमातील सात सामन्यांच्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना सुरू झाला, तेव्हा लॉस एंजेलिस डॉजर्सकडून शोहेई ओहतानी आणि टोरांटो ब्लू जेजकडून मॅक्स शर्झर पिचिंगला, म्हणजे चेंडू टाकायला, उतरले होते. तिसऱ्या इनिंगमध्ये बो बिशेटने ओहतानीला तीन धावांचा होम रन (चेंडू मैदानाबाहेर टोलावणारा फटका) मारला आणि अवघे सात आउट घेऊन ओहतानीची पिचिंग संपली. पाच इनिंगनंतर ब्लू जेज ३–१ असे पुढे होते. नवव्या इनिंगमध्ये एक आउट झालेला असताना मिगेल रोहासच्या होम रनने ४–४ अशी बरोबरी झाली आणि अकराव्या इनिंगमध्ये विल स्मिथच्या होम रनने डॉजर्स ५–४ असे जिंकले. आदल्याच रात्री सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकलेल्या योशिनोबू यामामोटोने शेवटचे आठ आउट घेतले.

या एकाच सामन्यावर चार निरनिराळ्या पैजा लावणाऱ्या माणसांचे काय झाले असते, ते पाहणे उद्बोधक आहे. डॉजर्स जिंकतील असे म्हणणारा जिंकला. डॉजर्स किमान दोन धावांनी जिंकतील असे म्हणणारा हरला. पहिल्या पाच इनिंगपुरती ब्लू जेजवर पैज लावणारा जिंकला, जरी त्याचा संघ विजेतेपद गमावून बसला. एकूण धावा साडेआठपेक्षा कमी होतील असे म्हणणारा नऊ इनिंगनंतर आठ धावांवर निश्चिंत बसला असेल, पण जादा इनिंगमधील धावाही मोजल्या जात असल्यामुळे तोही शेवटी हरला. तेव्हा ‘कोण जिंकेल?’ हा निर्णायक सामन्यापुढील अनेक प्रश्नांपैकी केवळ एक प्रश्न आहे. माझ्या मते त्याच्याही आधी विचारायचा प्रश्न असा: दोन्ही संघांचे सत्तावीस आउट (नऊ इनिंग, प्रत्येकीत तीन आउट) कोणकोणते पिचर घेणार? पुढील सर्व विवेचन याच प्रश्नाभोवती आहे.

कायदा आणि रक्कम

हा लेख अमेरिकेतील आणि कॅनडातील ज्या भागांत अशी पैज कायदेशीर आहे, तेथे राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना आणि त्यांच्या जाहिरातींना मनाई केली आहे, आणि महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा त्याआधीपासून आहेच. त्यामुळे पुण्यात किंवा नागपुरात बसून परदेशी संकेतस्थळावर खाते उघडण्याचा मार्ग कोणी सुचवला तर तो स्वीकारू नये.

अमेरिकेत हा विषय राज्यागणिक बदलतो. न्यू जर्सी राज्याने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये १९९२ चा केंद्रीय प्रतिबंधक कायदा रद्द ठरवला आणि त्यानंतर बहुतेक राज्यांनी आपापले नियम केले. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, इलिनॉय आणि मॅसॅच्युसेट्समध्ये परवानाधारक कंपन्यांकडे मोबाइलवरून पैज लावता येते. कॅलिफोर्निया आणि टेक्सास या मराठी माणसांची मोठी वस्ती असलेल्या दोन राज्यांनी मात्र नेहमीच्या क्रीडा पैजांना परवानगी दिलेली नाही. आपण राहतो कोठे यापेक्षा पैज लावण्याच्या क्षणी आपण उभे कोठे आहोत, याला महत्त्व असते आणि ॲप ते फोनच्या ठिकाणावरून तपासते. वयाची अट पैज कायदेशीर असलेल्या वरील चार राज्यांत २१ वर्षांची, तर कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात १९ वर्षांची आहे. अमेरिकेत जिंकलेली रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते, म्हणून पहिल्या पैजेपासून नोंद ठेवावी.

रकमेबाबत माझे मत ठाम आहे. वर्षभरात या छंदात पूर्णपणे बुडाली तरी घरखर्चाला, कर्जाच्या हप्त्याला आणि भारतात पाठवायच्या पैशांना धक्का लागणार नाही, एवढीच रक्कम वेगळी काढावी, आणि एका सामन्यावर तिच्या एक ते दोन टक्क्यांहून अधिक लावू नये. सामना सातवा आहे म्हणून हा आकडा वाढवण्याचे काहीही कारण नाही. सामन्याचे महत्त्व खेळाडूंसाठी वाढते. आपल्या अंदाजाची अचूकता त्यामुळे वाढत नाही, उलट थकलेले पिचर आणि अनपेक्षित बदल यांमुळे ती कमीच होते. पैज लावण्याची ओढ आवरत नसेल किंवा मागील नुकसान भरून काढण्यासाठी रक्कम वाढवावीशी वाटत असेल, तर येथेच थांबावे. अमेरिकेत १-८००-४२६-२५३७ या क्रमांकावर गोपनीय मदत मिळते.

भाव वाचणे

अमेरिकन पद्धतीत भाव, म्हणजे पैजेचा परतावा ठरवणारा आकडा, शंभराच्या भोवती लिहिला जातो. उणे १३० म्हणजे १०० डॉलर जिंकण्यासाठी १३० डॉलर लावावे लागतील. अधिक ११० म्हणजे १०० डॉलर लावून ११० जिंकता येतील. हे आकडे शक्यतेत उतरवल्याखेरीज त्यांचा उपयोग नाही. उणे भावासाठी तो आकडा त्याच्यात १०० मिळवून येणाऱ्या बेरजेने भागावा, म्हणजे १३० भागिले २३०, अर्थात ५६.५ टक्के. अधिक भावासाठी १०० ला भाव आणि १०० यांच्या बेरजेने भागावे, म्हणजे १०० भागिले २१०, अर्थात ४७.६ टक्के. हे एकाच सामन्यातील दोन संघांचे भाव असतील, तर दोन्हींची बेरीज १०४.१ होते. शंभरावरचे हे चार टक्के कंपनीचा वाटा आहे. प्रत्येक शक्यतेला या बेरजेने भागले की बाजाराचे खरे मत दिसते: एका संघाला ५४.३ टक्के आणि दुसऱ्याला ४५.७ टक्के.

आता मुख्य शिस्त. भाव पाहण्याआधी स्वतःचा आकडा कागदावर लिहावा. एकदा उणे १३० डोळ्यांसमोर आले की आपला अंदाज नकळत त्याच्याकडे सरकतो, हे मी स्वतःच्या वहीत अनेकदा पाहिले आहे. आपला आकडा लिहिताना बेसबॉलचे स्वरूप ध्यानात ठेवावे: नियमित मोसमात फार चांगला संघही साधारण ६० टक्के सामने जिंकतो, आणि ते सामने दुबळ्या संघांविरुद्धही असतात. प्लेऑफमधील, म्हणजे नियमित मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांतील, दोन तोडीच्या संघांत कोणालाही ६२–६३ टक्क्यांहून अधिक शक्यता देताना आपल्यापाशी भक्कम कारण हवे. आपल्या मते एखाद्या संघाची शक्यता ५० टक्के असेल आणि त्याचा भाव अधिक ११० असेल, तर १०० डॉलरमागे सरासरी पाच डॉलरचा फायदा दिसतो. तोच संघ आपल्याला ४७ टक्क्यांचा वाटत असेल, तर तो जिंकला तरी ती पैज चुकीची होती.

सत्तावीस आउट कोण घेणार

नियमित मोसमातील सामन्यात सुरुवातीचा पिचर कोण, यावर भाव मोठ्या प्रमाणात ठरतो आणि ते योग्यही असते, कारण तो पाच-सहा इनिंग टाकेल अशी अपेक्षा असते. निर्णायक सामन्यात उद्या नावाची गोष्टच नसल्यामुळे व्यवस्थापक पहिल्या संकटाला पिचर बदलतो आणि एरवी सुरुवात करणारे पिचरही मधल्या इनिंगमध्ये उतरतात. म्हणून कागदावर दोन स्तंभ आखावेत, प्रत्येक संघासाठी एक, आणि त्यात सत्तावीस आउट पिचरांमध्ये वाटून लिहावेत.

२०२५ च्या त्या सामन्यात डॉजर्सचा स्तंभ प्रत्यक्षात असा भरला: ओहतानी ७, रोब्लेस्की ४, ग्लासनाऊ ७, शीहान ३, स्नेल ४ आणि यामामोटो ८; एकूण ३३, म्हणजे अकरा इनिंग. मालिकेतील चारही सुरुवातीचे पिचर एकाच सामन्यात वापरले गेले. ‘ओहतानी की शर्झर’ एवढ्याच तुलनेवर ज्याने पैज लावली, त्याने तेहतीसपैकी सात आउटचा विचार केला होता. २०१७ च्या सातव्या सामन्यात डॉजर्सचाच यू दार्विश पाच आउट घेऊन बाहेर गेला, क्लेटन कर्शॉने मधल्या चार इनिंग एकही धाव न देता टाकल्या, आणि ह्यूस्टन ॲस्ट्रोजकडून चार्ली मॉर्टनने शेवटच्या चार इनिंग टाकून सामना ५–१ असा संपवला. २०१४ मध्ये मॅडिसन बमगार्नरने दोनच दिवसांच्या विश्रांतीनंतर कॅन्सस सिटीत पाच इनिंग बुलपेनमधून (राखीव पिचरांच्या ताफ्यातून) येऊन टाकल्या आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्स ३–२ असे जिंकले.

स्तंभ भरताना पहिली गोष्ट पाहायची ती वेळापत्रक. वर्ल्ड सिरीज आणि त्याआधीची लीग चॅम्पियनशिप मालिका दोन-तीन-दोन या क्रमाने (दोन सामने एका संघाच्या मैदानावर, तीन दुसऱ्याच्या, शेवटचे दोन पुन्हा पहिल्याच्या) खेळवल्या जातात, त्यामुळे पाचव्या सामन्यानंतर प्रवासाचा दिवस मिळतो, पण सहावा आणि सातवा सामना लागोपाठच्या दिवशी होतात. सहाव्या सामन्यात ज्याने पंचवीस-तीस चेंडू टाकले, तो सातव्यात पूर्ण ताकदीने येईल असे धरता येत नाही. त्याआधीच्या फेरीत, म्हणजे पाच सामन्यांच्या डिव्हिजन सिरीजमध्ये, पाचव्या सामन्याआधी मात्र विश्रांतीचा दिवस असतो, त्यामुळे तेथे बुलपेन ताजे असते. दोन्ही सामने निर्णायकच, पण त्यांचा हिशेब वेगळा, आणि हा फरक मला फार थोड्या लोकांच्या विचारात दिसतो. प्रत्येक पिचरपुढे मागील चार दिवसांतील चेंडूंची संख्या लिहावी. ती सामन्याच्या अधिकृत धावफलकात मिळते.

दुसरी गोष्ट, बॅटिंग क्रमातून किती फेऱ्या. तोच पिचर त्याच बॅटरला तिसऱ्यांदा सामोरा जातो तेव्हा बॅटर सरासरीने अधिक यशस्वी होतात, हे दीर्घकाळच्या आकडेवारीतून दिसून आलेले आहे आणि व्यवस्थापक त्यानुसारच वागतात. म्हणून बहुतेक सुरुवातीच्या पिचरांना दोन फेऱ्यांचे, म्हणजे साधारण बारा ते पंधरा आउट द्यावेत. शर्झरने तेराच घेतले. तिसरी गोष्ट, डावखुरे-उजवे यांची जुळणी आणि २०२० पासूनचा नियम, ज्यानुसार नव्या पिचरला इनिंग संपत नसेल तर किमान तीन बॅटरना सामोरे जावे लागते. प्रतिस्पर्ध्याच्या बॅटिंग क्रमात डावखुरे एकापाठोपाठ असतील तर डावखुऱ्या पिचरला तेथे निश्चित काम आहे. ते विखुरलेले असतील तर त्याचा उपयोग कमी होतो.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड: व्यवस्थापकाचा स्वभाव. २०१९ च्या सातव्या सामन्यात ॲस्ट्रोज २–१ असे पुढे असताना झॅक ग्रेंकीला सातव्या इनिंगमध्ये ८० चेंडूंवर काढण्यात आले, पाठोपाठ हावी केंड्रिकने नव्या पिचरला होम रन मारला आणि वॉशिंग्टन नॅशनल्स ६–२ असे जिंकले. संघाचा सर्वोत्तम पिचर गेरिट कोल बुलपेनमध्ये तयारी करूनही मैदानात आलाच नाही. तेव्हा ‘गरज पडली तर तो येईल’ असे ज्याच्याबद्दल बोलले जाते, त्याच्या नावावर स्तंभात पूर्ण आउट लिहू नयेत, निम्मे लिहावेत.

शेवटी दोन्ही स्तंभ शेजारी ठेवावेत आणि पाहावे की कोणत्या संघाला सहा-सात आउट अशा पिचरकडून घ्यावे लागतील, ज्याच्यावर त्याच्या व्यवस्थापकाचा पुरता विश्वास नाही. माझ्या अनुभवात पैजेचे खरे मूल्य बहुतेक वेळा तेथे सापडते, कारण सर्वसामान्य चर्चा दोन मोठ्या नावांवर थांबलेली असते. या फरकासाठी आपल्या आकड्यात तीन-चार टक्क्यांची भर किंवा घट करावी, दहाची नव्हे.

ज्याला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते

घरचे मैदान हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. १९८२ पासून २०११ पर्यंत वर्ल्ड सिरीजचे नऊ सातवे सामने झाले आणि नऊही यजमान संघाने जिंकले. ‘सातवा सामना घरीच जिंकला जातो’ असा नियम त्यावरून काढणे सोपे होते. त्यानंतर २०१४, २०१६, २०१७, २०१९ आणि २०२५ असे पाच सातवे सामने झाले आणि पाचही पाहुण्या संघाने जिंकले. इतक्या थोड्या सामन्यांतून दिसणारा कल हा कल नसतोच. नियमित मोसमात यजमान संघ सुमारे ५३ ते ५४ टक्के सामने जिंकतो, आणि निर्णायक सामन्यातही तेवढेच गृहीत धरून सुरुवात करणे मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

आदल्या रात्रीच्या विजयाने आलेला जोर, अनुभवी खेळाडूंची हिंमत, अनेक दशकांची प्रतीक्षा यांच्या कथा मलाही मनापासून आवडतात आणि सामना पाहण्याचा आनंद त्यांनीच वाढतो. पण त्यांना आकडा देता येत नाही आणि त्या सर्वांना माहीत असल्यामुळे भावात आधीच उतरलेल्या असतात.

हवामान तुलनेने कमी, पण निश्चित महत्त्वाचे. थंड हवेत चेंडू कमी अंतर जातो आणि वाऱ्याची दिशा होम रनवर परिणाम करते, मात्र छत बंद असलेल्या मैदानावर या दोन्ही गोष्टी सोडून द्याव्यात. होम प्लेटमागील (बॅटरच्या मागे उभ्या) पंचाचा स्ट्राइक झोन, म्हणजे चेंडू वैध ठरवण्याची हद्द, अभ्यासणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की २०२६ च्या मोसमापासून प्रत्येक संघाला स्वयंचलित यंत्रणेकडे दाद मागण्याच्या दोन संधी मिळतात आणि यशस्वी दाद वाया जात नाही, त्यामुळे पंचाचा वैयक्तिक प्रभाव थोडा कमी झाला आहे.

कोणती पैज निवडावी

विजेत्यावरची साधी पैज बहुतेकांसाठी पुरेशी आहे. दीड धावेच्या पैजेत आवडत्या, म्हणजे बाजाराच्या मते वरचढ असलेल्या, संघाला किमान दोन धावांनी जिंकावे लागते, आणि तो संघ यजमान असेल तर एक अडचण अनेकांच्या ध्यानात येत नाही: नवव्या इनिंगच्या पूर्वार्धानंतर यजमान पुढे असतील तर त्यांची बॅटिंग होतच नाही, आणि बरोबरी असेल तर विजयाची धाव होताच सामना संपतो. मोठ्या फरकाने जिंकण्याची संधी त्यांना कमी मिळते. यजमान आवडत्या संघावर दीड धाव देणारी पैज मी टाळतो.

एकूण धावांच्या पैजेत मागील दहा सातव्या सामन्यांचे आकडे मोह पाडणारे आहेत. १९९१ पासून अनुक्रमे १, ५, ५, ५, ८, ५, १५, ६, ८ आणि ९ धावा झाल्या. म्हणजे दहापैकी आठ सामन्यांत आठ किंवा त्याहून कमी. उत्तम पिचर लवकर आणि वारंवार वापरले जातात, हे त्यामागचे समजण्याजोगे कारण आहे. तरीही कंपन्या हे जाणतात आणि रेषा (पैजेसाठी ठरवलेला एकूण धावांचा आकडा) त्यानुसार खाली ठेवतात. शिवाय जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर धावपटू ठेवण्याचा नियमित मोसमातील नियम प्लेऑफमध्ये लागू नसतो, त्यामुळे जादा इनिंग धावांशिवाय लांबूही शकतात. सहा-सात आउट दुबळ्या हातांत जाणार असे आपल्या स्तंभात दिसत असेल, तर ‘कमी धावा’ या सवयीच्या पैजेपासून दूर राहावे.

दोन्ही सुरुवातीच्या पिचरांमधील फरक मोठा असेल आणि बुलपेनबद्दल शंका असेल, तर पहिल्या पाच इनिंगची पैज हेच योग्य साधन आहे. मात्र ती लावताना तो पिचर खरोखर पाच इनिंग टाकेल का, हे आधी विचारावे आणि घोषित पिचर बदलल्यास पैज रद्द होते की कायम राहते, हे कंपनीच्या नियमावलीत वाचावे. खेळाडूंच्या वैयक्तिक कामगिरीवरील पैजांत कंपनीचा वाटा सहसा अधिक असतो. एकेका चेंडूच्या निकालावरील पैजांना तर, गैरप्रकारांच्या आरोपांनंतर, नोव्हेंबर २०२५ मध्ये मेजर लीग बेसबॉलने आपल्या भागीदार कंपन्यांमार्फत २०० डॉलरची मर्यादा घातली. त्यांत अभ्यासाला काही वाव नाही. त्या सोडून द्याव्यात. अनेक पैजा जोडून मोठ्या परताव्याचे आमिष दाखवणारी जोडपैजही याच कारणासाठी टाळावी, कारण प्रत्येक जोडणीबरोबर कंपनीचा वाटा वाढत जातो.

पैज ठरली की दोन-तीन परवानाधारक कंपन्यांचे भाव ताडून पाहावेत. उणे १३० ला १०० डॉलर लावल्यास ७६.९२ डॉलर जिंकता येतात, उणे १२० ला ८३.३३. त्याच मतासाठी ६.४१ डॉलर अधिक मिळवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

जुनी पैज हातात असेल तर

काहींनी मोसमाच्या सुरुवातीलाच एखाद्या संघाच्या विजेतेपदावर पैज लावलेली असते आणि तो संघ सातव्या सामन्यापर्यंत पोहोचतो. समजा २० डॉलर अधिक २००० ला लावले होते. संघ जिंकला तर मुद्दलासह ४२० डॉलर मिळतील. प्रतिस्पर्धी आज उणे १३० ला आहे, म्हणजे एका डॉलरमागे मुद्दलासह १.७६९ परत. दोन्ही बाजूंनी सारखाच नफा हवा असेल तर ४२० ला १.७६९ ने भागावे: प्रतिस्पर्ध्यावर सुमारे २३७ डॉलर लावले की निकाल काहीही लागो, जवळजवळ १६२ डॉलर पदरात पडतात. प्रतिस्पर्ध्यावर फक्त १०० डॉलर लावले तर आपला संघ जिंकल्यास ३०० आणि हरल्यास सुमारे ५७ डॉलर नफा राहतो. निव्वळ गणिताने पाहिले तर या बचावाच्या पैजेतही कंपनीचा वाटा जातोच, म्हणून ती फायद्याची नसते. पण ४०० डॉलरचा फरक ज्याच्या घरात जाणवतो, त्याने शांत झोपेसाठी ती किंमत मोजण्यात मला गैर दिसत नाही. ॲपमध्ये ‘कॅश आउट’चे (निकालाआधीच पैज मोडून रक्कम घेण्याचे) बटण दिसत असेल तर त्याची रक्कम वरील हिशेबाशी ताडून पाहावी, ती बहुधा कमी असते.

सामना सुरू असताना

चालू सामन्यातील भाव प्रत्येक चेंडूला हलतात आणि दूरचित्रवाणीचे चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असते, त्यामुळे नुकत्याच पाहिलेल्या घटनेवर पैज लावण्यात आपण कायम मागेच असतो. तरीही एका परिस्थितीत आपला कागद उपयोगी पडतो: प्रत्यक्ष स्तंभ आपण लिहिलेल्या स्तंभापासून दूर जाऊ लागतो तेव्हा. यजमानांचा पिचर चौथ्या इनिंगमध्येच बाहेर गेला, संघ अजूनही एका धावेने पुढे आहे, पण उरलेले सोळा आउट घेण्यासाठी विश्वासाचे दोनच पिचर आहेत, अशा वेळी धावफलक आणि खरी परिस्थिती यांत अंतर पडते. ही संधी इनिंग बदलताना, विचाराला दीड-दोन मिनिटे मिळतात तेव्हाच घ्यावी, आणि आधीच्या पैजेसह एकूण रक्कम ठरवलेल्या दोन टक्क्यांच्या आतच राहील हे पाहावे.

सामन्यानंतर वहीत पाच रकाने भरावेत: भाव पाहण्याआधी लिहिलेली आपली शक्यता, पैज लावली तो भाव, सामना सुरू होतानाचा शेवटचा भाव, लावलेली रक्कम आणि निकाल. यांपैकी निकालाकडे मी सर्वांत शेवटी पाहतो. आपण अधिक ११० ला घेतलेला संघ सुरुवातीच्या क्षणी उणे १०५ ला गेला असेल, तर तो हरला तरी आपले वाचन बाजाराच्या पुढे होते. आणि असे पन्नास-साठ सामन्यांत सातत्याने होत नसेल, तर रक्कम निम्म्यावर आणून पुन्हा स्तंभांच्या कामाकडे वळावे. त्या कागदावर प्रत्यक्षात कोणी किती आउट घेतले तेही लाल शाईने लिहून ठेवावे, कारण पुढील ऑक्टोबरमध्ये तोच व्यवस्थापक पुन्हा निर्णायक सामन्यात उभा राहिला, तर त्याच्या स्वभावाचा पुरावा आपल्या हाताशी असेल.